उन्हाळ्यातील आमची वस्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. मराठी सातवीपर्यंत शाळा झाली, आणि पुढचे सारे शिक्षण गोठ्यात व चुलीपुढे झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात काही मागेपुढे झाले तर आपण सांभाळून घ्याल अशी खात्री आहे. चिटणीसताईंनी विषय दिला तो असा, की तुमच्या मळ्यावरचा उन्हाळा सांगा. मी त्यांना म्हटले, “अहो, उन्हाळ्यात सांगण्यासारखे काय असते? ऊन असते आणि पाणी नसते.” त्यावर त्या हसून म्हणाल्या, “गावातली पोरे सुटीत तुमच्या वस्तीवर चार दिवस राहून येतात आणि घरी आल्यावर म्हणतात, तिथे नुसती मजा आहे. ती मजा कशी चालते तेवढे सांगा म्हणजे झाले.” म्हणून उभी राहिले आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी आमची वस्ती पाहिली आहे. गावापासून तीन किलोमीटरवर, माळाच्या चढाला. आमचे घर, शेजारी धाकट्या जावेचे घर, ओढ्याच्या अलीकडे माळ्याच्या माईंचा मळा, पलीकडे तांबोळ्यांच्या भाभी, आणि टेकाच्या अंगाला धनगराच्या आक्काचे खोपट. अशी ही पाच घरे. टेंभूच्या योजनेने कृष्णेचे पाणी आता आपल्या आटपाडी तालुक्यात येते, खालच्या अंगाचे ओढे-तलाव त्यावर भरतात, हे खरे. परंतु पाणी उतार पाहून चालते आणि आमची वस्ती चढाला आहे, त्यामुळे आमचा उन्हाळा बराचसा पूर्वीसारखाच राहिला आहे. आपल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने दिली. माझ्या मुलीने ती मला वाचून दाखविली, तेव्हा सासूबाई मध्येच म्हणाल्या, “ह्यात काय लिवायचं? हे तर समद्यांस्नी ठावं हाय.” त्यांना वाटले, ठाऊक असलेले कोणी कशाला छापील!

आमच्याकडे दोन संकरित गाई, एक मुऱ्हा म्हैस, तिची पारडी, पाच शेळ्या, दहाबारा कोंबड्या आणि रंगी नावाची कुत्री असा परिवार आहे. २०२४ पर्यंत हरण्या नावाचा एक खिलार बैलही होता. त्याच्याविषयी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, पण ते मागून.

उन्हाळ्यात आमचा दिवस चारला उजाडतो. कारण साधे आहे. नऊनंतर माणसाला आणि जनावराला काही सुचत नाही, तेव्हा जे करायचे ते त्याच्या आत. शिवाय शेतीची वीज एक आठवडा दिवसा व एक आठवडा रात्री अशी येते. रात्रीच्या आठवड्यात मोटार चालू करायला कोण उठते हे आपण सर्व जाणता. पुरुषमंडळींनी उठावे असा नियम आहे. उठवणारी मात्र आपणच असतो, तेव्हा जागरण दोघांचे होते.

पाण्याचा हिशेब मी एकदा घागरींनी मोजला होता. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला पाच घागरी तरी लागतात, गाईला त्याच्या जवळपास, आणि हे नुसते पिण्याचे. अंगावर मारायचे पाणी वेगळे. म्हशीच्या कातडीला घाम येण्याची छिद्रे गाईपेक्षा कमी असतात आणि रंग काळा, त्यामुळे तिला ऊन सोसत नाही. डबके असले की ती आपली सोय आपण करते. डबके नसले तर भर दुपारी तिच्या पाठीवर ओले गोणपाट टाकावे लागते, आणि ते वाळले की पुन्हा भिजवावे लागते. पाणी कमी असेल तेव्हा आम्ही अंघोळीचे पाणी बिनसाबणाचे ठेवून तेच गोणपाटाला वापरतो. संकरित गाईचेही तसेच. बेचाळीस अंशाचे ऊन झाले की ती तोंड उघडून धापा टाकते आणि दूध निम्म्यावर येते. आमची जुनी खिलार मात्र त्याच उन्हात डोळे मिटून रवंथ करीत उभी असे. या मातीतले जनावर आणि बाहेरून आणलेले जनावर यांतला फरक डॉक्टरांनी सांगण्याआधी आम्हाला वैशाखाने सांगितला होता. पण म्हणून आम्ही संकरित गाई सोडून देऊ का? नाही. दर दहा दिवसांनी डेअरीचा जो पैसा हातात येतो तो त्यांच्याच जिवावर. पोरांच्या वह्या त्यातूनच येतात.

वैरणही वेळ पाहून घालावी लागते. कडबा पोटात गेला की अंगात उष्णता होते, म्हणून तो पहाटे आणि रात्री घालायचा, दुपारी थोडे हिरवे काही असेल तर ते. सबंध पेंढी टाकली तर जनावर पाने ओरबाडून खाते आणि दांडे पायाखाली तुडवते. म्हणून आता कडबाकुट्टी. ते यंत्र भाभींच्या घरी आहे. आम्ही पाचही घरे तिथेच कुट्टी करतो आणि विजेचे पैसे वाटून देतो. ज्यांच्याकडे मक्याचा मुरघास आहे त्यांचा उन्हाळा पुष्कळ सुखाचा जातो. माई दर वर्षी दोन पिशव्या भरून ठेवतात. तोंड घट्ट बांधून, आत वारा राहणार नाही असा दाबून भरला, की दीड महिन्याने तो आंबूस वासाचा तयार होतो आणि म्हैस त्याच्यावर जीव टाकते.

कोंबड्यांना घाम येतच नाही. त्या चोच उघडी टाकून, पंख सैल सोडून बसतात. लिंबाखाली मातीच्या परळात पाणी ठेवले की त्यांच्याबरोबर चिमण्या, साळुंक्या, एखादा होला, सगळेच येतात. भर वैशाखात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची नाही असा सासूबाईंचा दंडक आहे, कारण उन्हाने निम्मी अंडी वाया जातात. शेळ्यांचे बरे असते. बाभळीच्या शेंगा याच दिवसांत गळतात. आक्का पहाटेच पाटी घेऊन बाभळबनात जाते आणि आपल्या शेळ्यांबरोबर आमच्याही शेळ्यांचा वाटा वेचून आणते. तिचे मालक आणि दीर मेंढरे घेऊन दिवाळीनंतर खाली कृष्णाकाठाकडे उतरतात, कोणाच्या रानात मेंढ्या बसवितात, आणि पाऊस लागायच्या सुमाराला परततात. तेवढे सहा-सात महिने ती, तिची म्हातारी सासू आणि शेळ्या. ती म्हणते, “ह्या चार घरांमुळं मला रान वाटत न्हाई.” खरे म्हणजे तिच्यामुळे आम्हाला रान वाटत नाही. रात्री कुठे काही खुडबुडले तर कंदील घेऊन पहिली बाहेर पडते ती आक्का.

आता पोरे ज्याला मजा म्हणतात त्या भागाकडे येते. आमच्या दारात एक मोठा लिंब आहे. चैत्र-वैशाखात दुपारी पाचही घरे त्याच्याखाली असतात. कोणी वाकळ शिवते, कोणी चिंचा फोडते, कोणी नुसतीच पडते. आणि एकदा का कुरडयांचा हंगाम आला की त्या लिंबाखाली कारखाना सुरू होतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर तो निवळू द्यायचा आणि पहाटे वरचे पाणी ओतून देऊन शिजवायला घ्यायचा. चीक शिजविणे हे एकटीचे काम नव्हे. एकीने ओतायचे, दुसरीने जाड लाकडाने घाटायचे, तिसरीने जाळ सांभाळायचा. गुठळी झाली की सगळा घाणा बिघडला. माई घाटायला बसल्या की आम्ही निर्धास्त. त्यांच्या दंडात अजून जी ताकद आहे ती आमच्या सुनांच्या दंडात नाही. (सुनांनी राग मानू नये!) गरम चिकात दूध-साखर घालून खाण्यासाठी सगळी पोरे त्या दिवशी न उठविता पाचला उठतात, एरवी आठपर्यंत घोरतात. गव्हाचा जो चोथा उरतो तो म्हशीच्या आंबोणात. म्हणजे कुरडयांचा दिवस तिलाही सणाचाच.

एकदा जावेने तिच्या नव्या लुगड्यावर, म्हणजे लुगडे जुने होते पण तिला ते नव्यासारखे होते, दोनशे कुरडया घातल्या आणि राखणीला माझ्या धाकट्याला बसविले. तो राखणीला बसल्या बसल्या झोपला. आमच्या बांडी शेळीने एका टोकापासून सुरुवात केली आणि लुगड्याच्या काठासकट निम्मा माल संपविला. त्या दिवशी जावेचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू गेला. भाभी धावत आल्या, त्यांना वाटले साप निघाला. बांडीला मात्र दोन दिवस काही खाता आले नाही, पोट फुगून बसली होती. तिला गोडेतेल पाजून फिरवावी लागली. आता राखणीला रंगीला बांधतो. ती कुरडया खात नाही आणि झोपली तरी एक कान उघडा असतो.

उन्हाळ्याच्या रात्री आम्ही अंगणात झोपतो. वारा सुटतो, चांदणे असते, पोरे बाजेवर गोष्टी सांगत बसतात, हे सारे छानच. पण कडब्याच्या गंजीत आणि गोवऱ्यांच्या ढिगात विंचू असतात आणि ते रात्रीच फिरतात. म्हणून आमच्याकडे गोवरी काढायची ती काठीने उलटून, चप्पल घालायची ती झटकून, आणि बाज भिंतीपासून हातभर दूर. पूर्वी विंचू उतरविणारा मांत्रिक बोलवायचे. तांबड्या विंचवाने किती लेकरे गेली ती जुन्या बायकांना विचारा. पुढे महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी या विषावर चालते हे दाखवून दिले, आणि मरणारी माणसे वाचू लागली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हे माझ्या भावाने मला सांगितले, तेव्हापासून वस्तीवर ठरून गेले आहे की चावले की गाडी काढायची आणि सरळ सरकारी दवाखाना. साप असो की विंचू, वाट एकच. मंत्र म्हणायचाच असेल त्याने गाडीत बसून म्हणावा.

आणखी एक गोष्ट आहे ती पोरांच्या आयांनी कान देऊन ऐकावी. डाळिंबाच्या बागा वाढल्या तशी आपल्या भागात शेततळी वाढली. चांगलीच झाली, त्यांच्यावर बागा जगतात. परंतु त्यांना आतून प्लास्टिकचा कागद असतो. तो ओला झाला की त्यावर शेवाळ धरते, आणि आत गेलेल्याला, माणूस असो वा जनावर, पाय ठरत नाही. पोहता येत असले तरी वर येता येत नाही. पाणी निम्म्यावर उतरले म्हणजे तर अधिकच वाईट, कारण उतार लांबतो. २०२१ च्या उन्हाळ्यात आक्काची गाभण शेळी पाणी प्यायला म्हणून एका शेततळ्यात उतरली. आम्ही दोघी तिचे ओरडणे ऐकून धावलो. ती काठाकाठाने पोहत होती आणि प्रत्येक वेळी खूर घसरत होते. दोर आणायला माझा मुलगा पळाला. तो येईपर्यंत ती गेली. आक्का काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, “शेळीच्या जागी तुजं प्वार असतं तर?” दुसऱ्याच दिवशी आम्ही पाचही जणी त्या तळ्याच्या मालकाकडे गेलो. त्यांनी आधी खर्चाचे सांगितले. माईंनी सांगितले, “दोर आमी देतो, मुळ्या तुमी ठोका.” चारही कोपऱ्यांना हातहातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडले, एका बाजूला जुनी टायरे एकाखाली एक बांधून शिडीसारखी सोडली, आणि काटेरी तारेचे कुंपण त्यांनी स्वतः घातले. त्यानंतर आसपासच्या तीन तळ्यांना असे दोर लागले आहेत. उरलेल्यांना लागलेले नाहीत. शाळेची सुटी लागण्यापूर्वी ते लागले पाहिजेत, आणि मंडळाने हे काम हातात घ्यावे असे मला वाटते.

आता हरण्याकडे येते.

सासूबाई १९७२ च्या दुष्काळाचे सांगतात. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. खडी फोडायला जात, सुकडी खात, मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी दळून आणीत. त्या दुष्काळातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, हे आपण शाळेत मुलांच्या पुस्तकात वाचतो. पण सासूबाईंना योजना आठवत नाही, त्यांना गोठा आठवतो. सहा जनावरे होती, त्यांतली चार मिळेल त्या किमतीला गेली आणि दोन कोणी घेईना म्हणून दावी सोडून दिली. “दावं सोडलं तरी गाय दारातनं हालंना,” हे वाक्य त्या आजही सांगतात आणि पदर डोळ्याला लावतात.

आमच्या पिढीने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला. त्या वेळी छावण्या निघाल्या. म्हसवडला माणदेशी फौंडेशनने मोठी छावणी चालविली होती, तशा सगळ्या दुष्काळी भागात होत्या. आम्हीही जनावरे घेऊन एका छावणीत जाऊन राहिलो. घरातले एक माणूस जनावरांजवळ पाहिजे, आणि पुरुष पाण्याच्या व पैशाच्या मागे, म्हणून बायकाच अधिक. चार बांबू, वर पाचट आणि शेडनेट, त्याखाली एका बाजूला जनावरे आणि दुसऱ्या बाजूला आमची चूल. चारा म्हणजे बहुतेक ऊस. नुसत्या उसाने जनावरांची तोंडे सोलतात, म्हणून आम्ही बसून तो बारीक तोडायचो. माईंची आणि भाभींची खरी ओळख मला तिथे झाली. शेजारी राहून बारा वर्षे झाली होती, पण बांधावरून बोलणे वेगळे आणि एका चुलीवर चहा करणे वेगळे. भाभींचे रोजे त्या वर्षी छावणीत सुरू झाले. पहाटे त्यांच्यासाठी भाकरी टाकायला माई उठायच्या आणि संध्याकाळी खजूर आम्हा सगळ्यांच्या हातावर पडायचा. हरण्या आणि त्याचा जोडीदार सोन्या तेव्हा ऐन भरात होते. छावणीत बैल पाहायला माणसे यायची. आपल्या भागाचे खिलार म्हणजे काय, ते खरसुंडीच्या यात्रेत ज्याने पाहिले त्याला सांगावे लागत नाही. लांब चेहरा, मागे वळलेली शिंगे, आणि चालताना जमिनीला पाय लागतो की नाही असे वाटावे.

हरण्या आमच्याच गाईच्या पोटचा, २००५ चा. सोन्या २०१६ मध्ये गेला. त्यानंतर हरण्या कधी भाभींच्या बैलाबरोबर, कधी माईंच्या, असा जोडीने चालायचा. चारही घरांच्या रानात पेरणी-कोळपणी त्याने केली, कारण ट्रॅक्टर नांगरून देतो पण तिफण आणि कोळपे आमच्या तुकड्यांत बैलानेच चांगले चालते. मग तो थकला. दात झिजले, कडबा चावेना. २०२४ च्या फाल्गुनात, म्हणजे आदल्या वर्षीचा पाऊस बुडालेला, बोअर बंद पडलेले, गंजीत कडबा मोजका, अशा वेळी हे म्हणाले, “हरण्याला द्यावे लागेल.”

मी येथे त्यांची बाजूही सांगते, कारण ती खोटी नव्हती. रोजच्या सहा पेंढ्या धरल्या तरी पाडव्यापासून आषाढ लागेपर्यंत पाचशेच्या वर पेंढ्या लागणार. तेवढ्यात एका दुभत्या गाईचा उन्हाळा निघतो, आणि त्या गाईवर घर चालते. ते म्हणाले, “माझ्या हाताने वाढवलाय त्याला. मला काय कमी वाटतं? पण मायेनं गंज भरत नाही.” यावर काय बोलायचे? बैलगाड्यांच्या शर्यती सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केल्या होत्या, त्या २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाल्या आणि तरण्या खिलाराला पुन्हा मोल आले, हे खरे. म्हाताऱ्याला मात्र कोणी विचारीत नाही. २०१५ पासून राज्यात बैल कापायला कायद्याने बंदी आहे. कायदा बैलाला सुरीपासून वाचवितो, पण कायदा त्याला वैरण घालीत नाही. ती ज्याच्या गोठ्यात बैल त्याला घालावी लागते. एका ठिकाणी पांजरपोळात विचारले, तिथे जागा नव्हती. मग एक व्यापारी आला. “गोठ्यावर ठेवतो, शेणाला उपयोगी पडेल,” म्हणाला. तो कुठे ठेवणार होता ते त्यालाही ठाऊक होते आणि आम्हालाही. हरण्याने त्याच्या हाताचा वास घेतला आणि मान फिरविली. सासूबाई आत जाऊन बसल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

त्या दुपारी लिंबाखाली चौघी होत्याच. मी काही मागितले नव्हते, नुसते सांगितले. सगळ्यांत आधी भाभी बोलल्या. “आगं, त्येनं माझ्या रानात धा वर्सं तिफण वढलीया. त्यो तुझ्या एकटीचा बैल कवा झाला?” माई म्हणाल्या, वारी लावू. आज एका घरची वैरण, उद्या दुसऱ्या घरची. जावेने लगेच हिशेब केला, ती आमच्यात हिशेबाला पक्की. चार घरांवर वाटले तर एकेका घराच्या वाट्याला सव्वाशे-दीडशे पेंढ्या. दुष्काळाच्या वर्षी तेवढ्याही थोड्या नव्हेत, पण एका घराला बुडविणाऱ्याही नव्हेत. आक्काकडे जमीन नाही, कडबा नाही. ती म्हणाली, “माजं पानी.” आणि तिने ते केले. दररोज सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन घागरी ती हरण्यापुढे ओतीत असे. टँकर एकाआड एक दिवस यायचा तो माणसांपुरता. जनावरांचे पाणी दीड किलोमीटरवरून, त्याच शेततळ्याच्या मालकांकडून आणायचे. दोरांच्या निमित्ताने ओळख झाली होती, त्यांनी नाही म्हटले नाही.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बायकांनी आज कबूल केलं, वैशाखात गंजी तळाला गेल्यावर काय?” हा प्रश्न रास्त होता. म्हणून माईंनी सुचविले की वारीचा कडबा आताच मोजून भाभींच्या शेडमध्ये वेगळा रचायचा, म्हणजे पुढे कोणाचे मन बदलायला नको. तसा रचला. चार गंजी नाहीत, एकच. त्याची कुट्टी करून, रात्रभर पाण्यात भिजवून, चिमूटभर मीठ आणि मूठभर भुसा घालून सकाळी मऊ झालेली त्याच्यापुढे ठेवायची. दात नसलेल्या माणसाला आपण भाकरी दुधात कुस्करून देतो, तेच. माझी मुलगी पाटीवर वारी लिहायची. एका दिवशी वाद झाला खरा. माईंच्या सुनेने वारीच्या दिवशी पेंढ्या बारीक बांधल्याचे जावेच्या लक्षात आले, आणि दोघी आठ दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. माईंनी काही न बोलता दहा पेंढ्या जास्त आणून टाकल्या.

ज्येष्ठात पाऊस चांगला लागला. बांधावर हिरवे दिसू लागले, तेव्हा शेडमध्ये वारीच्या साठएक पेंढ्या शिल्लक होत्या. बेंदराला हरण्याच्या शिंगांना रंग लावला, पुरणपोळी मात्र कुस्करून दिली. ह्यांनी स्वतः दिली. हरण्या त्या वर्षी दिवाळीपर्यंत होता. एका पहाटे लिंबाखाली बसला तो उठला नाही. भाभींच्या आणि आमच्या रानांच्या मधल्या बांधाला खड्डा काढून, मीठ घालून त्याला पुरले.

उरलेल्या साठ पेंढ्यांचे काय करायचे यावर लिंबाखाली पुष्कळ बोलणे झाले. शेवटी त्या माईंच्या म्हाताऱ्या गाईला लावल्या, आणि तेव्हापासून दर फाल्गुनात प्रत्येक घर थोडा कडबा शेडमध्ये टाकते. ज्या घरचे जनावर अडचणीत असेल त्याच्यासाठी तो. कोणी लिहून ठेवलेले नाही, पण पाटी अजून भिंतीला आहे.

वळवाच्या पावसाबद्दल दोन शब्द सांगते आणि थांबते, कारण चहाची वेळ झालेली दिसते. पहिला वळीव पडला की सगळ्यांना हर्ष होतो आणि जनावरे मोकळी सोडावीशी वाटतात. पण ज्वारीच्या खोडांना त्या पाण्यावर जे कोवळे फुटवे येतात ते जनावराने खाऊ नयेत. त्यांत विष असते आणि घटकेत जनावर आडवे होते. त्या रानात जनावर सोडायचे नाही. शेळी-मेंढीला आंत्रविषाराची आणि मोठ्या जनावरांना घटसर्प व फऱ्याची लस पाऊस लागण्यापूर्वी टोचून घ्यायची. सरकारी दवाखान्यात त्यासाठी आधी नाव द्यावे लागते. एकेकटीने जाण्यापेक्षा वस्तीची यादी करून दिली तर डॉक्टर वस्तीवर येतात असा आमचा अनुभव आहे.

येत्या सोमवारी मी गहू भिजत घालणार आहे, म्हणजे शुक्रवारी पहाटे चीक शिजेल. ज्यांना कुरडयांना यायचे असेल त्यांनी गुरुवारी रात्रीच मुक्कामाला यावे, अंगणात जागा पुष्कळ आहे. पोरांनाही आणावे. सोऱ्या मात्र आपापला आणावा, आमच्याकडे दोनच आहेत आणि त्यांतल्या एकाची मूठ हलते.